घडणावळ वेगळी : नाशिकच्या अशोक स्तंभाजवळच्या डिझाइनवाल्या ताईंच्या ऑफिसबद्दल

वाढदिवसाचा फ्लेक्स संध्याकाळपर्यंत हवा असेल तर इथे जाऊ नका. त्यासाठी शालिमारकडे पुष्कळ जण बसलेत. व्हॉट्सअपवर फोटो टाका, चहा होईपर्यंत भाऊंच्या मागे वाघ उभा करून देतात, आणि तेही काम कुणीतरी करायलाच हवं. हे ऑफिस त्यातलं नाही. अशोक स्तंभाजवळच्या एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक ताई आणि त्यांच्या हाताखाली एक मुलगा, एवढाच कारभार आहे. दोन टेबलं, एक प्रिंटर, आणि भिंतीवर गिऱ्हाइकांच्या वस्तू: पेट्या, पिशव्या, बाटल्या, मिसळीच्या हॉटेलाचं मेनूकार्ड. स्वतःच्या नावाची पाटी मात्र वीतभर. विचारलं तर म्हणाल्या, "काका, रस्त्यावरून जाता जाता कुणी आमच्याकडे येत नाही. मोठी पाटी कुणासाठी लावू?" हे ऐकल्यावर मी चप्पल काढून आत बसलो.

माझं भांडी बाजारात तांब्या-पितळेचं दुकान आहे. आजोबांपासून तेच. हंडे, कळश्या, समया, घंगाळं, पूजेची भांडी. आजोबांच्या वेळची पत्र्यावर रंगवलेली पाटी गंजून तिचा काना गेला होता, मात्रा गेली होती, आणि गावातले लोक सवयीने वाचत होते म्हणून चाललं होतं. त्याआधी आमच्या चिरंजिवांनी मोबाइलवरच्या एका फुकट ॲपवर लोगो करून पाहिला होता: कमळ, त्यात दिवा, खाली इंग्रजीत नाव. दिसायला चांगला होता. पुढे तोच दिवा, त्याच कमळात, गंगापूर रोडवरच्या एका मंगल कार्यालयाच्या कमानीवर दिसला. नंतर एका योगाच्या क्लासच्या पत्रकावर. मग त्यांनी एआयला समई काढायला सांगितली, तर त्याने वाती खालच्या बैठकीला लावून दिल्या. त्यानंतर घरात ठरलं की पैसे देऊन माणसाकडून करून घ्यायचं.

करून घेतलं ते असं: दुकानाचं नाव घडवलेल्या अक्षरात, पाटी, बिलबुक, कापडी पिशवी, आणि आता भांड्यांना बांधायच्या चिठ्ठ्या. डिझाइनचे 32 हजार. पाटी बनवण्याचा, छपाईचा खर्च वेगळा, तो ज्याचा त्याला द्यायचा. ताई छपाईवाल्याकडून मधलं काही घेत नाहीत. तीन ठिकाणचे दर मागवून कागद माझ्यासमोर ठेवला, आणि सगळ्यात स्वस्त कोण व का स्वस्त, हेही सांगितलं.

पहिल्या भेटीत मला वाटलं होतं की लॅपटॉप उघडून डिझाइनं दाखवतील, मी "हे" म्हणेन, झालं. तसं झालं नाही. त्या दुकानावर आल्या आणि गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसून राहिल्या. लग्नसराईचे दिवस, दुकानात गर्दी, आणि ही बाई वहीत काहीतरी लिहितेय. मधूनच प्रश्न. गिऱ्हाईक सराफ बाजाराकडून जास्त येतं की घाटाकडून? भाव कोण करतं, सासू की सून? पुराचं पाणी दुकानात कुठपर्यंत येतं? बिल घरी गेल्यावर कुणी ठेवतं का? दुपारी जाताना विचारलं, "काका, लोक किमतीच्या आधी काय विचारतात, लक्षात आलंय का तुमच्या?" मी म्हटलं, वजन. म्हणाल्या, "नाही. नाव टाकून मिळेल का, हे विचारतात."

खरं होतं. रुखवताचा हंडा घ्या, देवळाला द्यायची समई घ्या, त्यावर नाव हवंच. कुणाकडून, कुणाच्या स्मरणार्थ, तिथी-तारीख. आमच्याकडे नाव टाकायला जे आबा बसतात, त्यांचा हात तांबट आळीतला. पूर्वी छिन्नी-हातोडीने टाकायचे, आता विजेचं छोटं मशीन आहे, पण वळण तेच. टिंबाला टिंब लावून अक्षर. आबा आधी टिंबांची शिरोरेघ मारून घेतात आणि मग तिला एकेक अक्षर खाली टांगत जातात. नाव लांब निघालं तर शेवटची दोन अक्षरं अंग चोरून बसतात. हे आम्ही जन्मभर पाहत आलो, त्यात बघण्यासारखं काही आहे असं कधी मनात आलं नाही.

ताईंनी आबांना पितळेचा सपाट पत्रा दिला आणि दुकानाचं नाव टाकायला सांगितलं. लहान, मोठं, घाईत, सावकाश. आबांना वाटलं बाईंचं डोकं फिरलंय, पण टाकून दिलं. ते पत्रे ऑफिसात नेऊन त्यांचे फोटो काढले, आणि त्यावरून संगणकावर एकेक अक्षर काढलं. जसंच्या तसं नाही. टिंबांमधलं अंतर सारखं केलं, काना सरळ केला, पण आबांची ती एक लकब, वेलांटी शिरोरेघेच्या थोडी मागे नेऊन खाली आणायची, ती ठेवली. आबांना दाखवलं तर चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाले, "हे मीच काढलंय, पण इतकं नीट कधी काढलं?" कामाचे पैसे ताईंनी आबांनाही दिले, स्वतःच्या पैशांतून. मला नंतर कळलं.

आमच्या नावात ल आणि श दोन्ही येतात. त्यावरून मला एक गोष्ट नव्याने कळली, ती इथे लिहून ठेवतो, कारण पाटी करणाऱ्या प्रत्येकाला तिचा उपयोग आहे. आपला पाकळ्यांचा ल आणि देठाचा श ही मराठीची वळणं. राज्य सरकारच्या 2009 च्या वर्णमालेच्या निर्णयातही तीच धरली आहेत. पण बाजारात फुकट मिळणारे बरेचसे फॉन्ट उघडले की हिंदी वळणाचा ल आणि श समोर येतो. कित्येक फॉन्टांत मराठी वळणही आत असतं, फक्त मजकुराची भाषा मराठी आहे असं सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. कुणी सांगत नाही. म्हणून नाशिकच्या निम्म्या पाट्या हिंदी वळणात दिसतात. आता मेनरोडने चालताना माझं लक्ष तेवढंच असतं, आणि सौ. म्हणते, समोर बघून चाला.

पाटीचं काम सगळ्यात जास्त मुद्द्याचं झालं. कायदा आधी बघितला. दुकाने-आस्थापना कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली, त्यानुसार 10 पेक्षा कमी कामगार असलेल्या माझ्यासारख्या दुकानालाही मराठी देवनागरी पाटी लागते, आणि मराठी अक्षर दुसऱ्या कुठल्याही लिपीपेक्षा लहान चालत नाही. आम्हाला त्याची अडचण नव्हतीच. चिरंजिवांना इंग्रजी नाव मोठं हवं होतं, तो विषय तिथेच मिटला.

खरी अडचण गल्लीची होती. भांडी बाजारात रस्त्याची रुंदी ती केवढी. दुकानाच्या कपाळावर बारा फूट लांब पाटी लावली तरी खालून चालणारा माणूस ती वाचणार कशी? मान मागे टाकून? ताईंनी रविवार कारंजाच्या बाजूने आणि घाटाच्या बाजूने चालत येत, थांबून थांबून फोटो काढले. कपाळावरची पाटी लांबून दिसतच नव्हती, समोरच्या दुकानाच्या टांगलेल्या पराती मध्ये येत होत्या. त्यामुळे मोठी पाटी साधी आणि स्वस्तात केली, आणि खर्च लावला तो भिंतीपासून काटकोनात बाहेर येणाऱ्या छोट्या पाटीवर, जी चालत येणाऱ्याला समोरून दिसते. पण डिझाइनला हात लावण्याआधी म्हणाल्या, "बाहेर काढायची तर आधी महापालिकेत विचारून या. नंतर काढायला लावली तर माझे पैसे परत मागाल." विचारून आलो, मगच पुढे.

अक्षर किती मोठं, याचा त्यांचा हिशेब असा: दहा फुटांवरून वाचायचं तर इंचभर उंचीचं अक्षर, हा पाट्यांच्या धंद्यातला जुना ठोकताळा. तो इंग्रजी अक्षरांसाठी आहे. आपल्याकडे वर मात्रा, खाली उकार, त्यात अक्षराचं अंग लहान होतं, म्हणून त्या थोडं वाढवून धरतात. कागदावर त्या मापाचं नाव छापून आणलं, दोरीने टांगलं, आणि चहावाल्या पोराला लांब उभं करून वाचायला लावलं.

पुराचा प्रश्न का विचारला होता तेही तेव्हा उमगलं. 2008, 2016, 2019, गोदावरी आमच्या बाजारात येऊन गेली आहे. गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं की आम्ही खालच्या फळीवरचा माल वर चढवायला घेतो. नव्या पद्धतीत दुकानाच्या शटरवर, पायरीवर, काचेवर खालपर्यंत रंगीत स्टिकर लावायची फॅशन आहे. ताईंनी पाण्याच्या खुणेखाली एकही अक्षर ठेवलं नाही. शटरवरचं नावही वरच्या भागात घेतलं. साधी गोष्ट, पण मी आधी दोघांकडे कोटेशन घेतलं होतं, त्यांच्यापैकी कुणाच्या तोंडी पाणी हा शब्द आला नव्हता.

एका ठिकाणी आमचं जुंपलं. मला पाटीवर खरी पितळी अक्षरं हवी होती. पितळेचं दुकान, पितळेची अक्षरं, माल घरचाच. ताई म्हणाल्या, "उन्हापावसात काळी पडतील. शिडी लावून चिंच कोण चोळणार, तुम्ही की आबा?" मी म्हटलं मग सोनेरी रंग द्या. तेही नाही. सोनेरी हा रंग नसतो, चकाकी असते, आणि छापखान्यातल्या चार शायांत चकाकी नसते: निळसर, किरमिजी, पिवळी, काळी, यांच्या मिश्रणातून येते ती मोहरीसारखी मळकट पिवळी. खरी चकाकी हवी तर फॉइल लावा किंवा धातूची शाई वापरा, दोन्हीचे पैसे वेगळे, आणि बिलबुकाला ते परवडत नाही. शेवटी जुन्या हंड्याच्या तांब्याचा काळपट लाल घेतला. तो पाटीवर, कागदावर, कापडावर, सगळीकडे जवळपास सारखा उतरतो. पितळी अक्षरं झाली, पण आत, गल्ल्यामागच्या भिंतीवर, आबांनी कापलेली. तिथे हात पोचतो, दर दसऱ्याला घासतो.

कापडी पिशवीची गंमत अशी की टिंबांचं ते सुंदर अक्षर पिशवीवर चाललंच नसतं. प्लॅस्टिकबंदी 2018 ला आली तेव्हापासून आम्ही कापडीच देतो, आणि भांड्याचं वजन पेलायचं म्हणजे कापड जाडंभरडं लागतं. त्यावर स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे जाळीतून शाई ढकलायची. एका रंगाला एक जाळी. बारीक टिंबं जाळीत बुजतात किंवा कापडावर फुटून एकमेकांत मिसळतात. म्हणून पिशवीसाठी वेगळं अक्षर केलं: टिंबं मोठी, संख्येने कमी, एकच रंग. दोन्ही शेजारी ठेवली तर फरक कळतो, एकेकटं पाहिलं तर तेच नाव वाटतं. मुलाने नमुन्याची एक पिशवी छापून आणली आणि ताईंनी ती घरी धुतली. मग "चालेल" म्हणाल्या.

बिलबुकात सांगण्यासारखं थोडंच. आमच्या बिलाला वजन, भाव, घडणावळ म्हणजे घडवण्याची मजुरी, आणि जुन्या भांड्यांच्या मोडीची वजावट असे रकाने लागतात. तयार मिळणाऱ्या जीएसटीच्या बिलबुकात मोडीला जागाच नसते, आम्ही समासात लिहायचो. आता रकाना आहे. प्रूफ देताना ताई प्रत्येक ओळीपुढे सही घेतात. जीएसटी नंबराचे 15 आकडे-अक्षरं तर मला मोठ्याने वाचायला लावली. कंटाळा येतो, पण ज्या गावात नाशिकरोडला 1928 पासून देशाच्या नोटा छापल्या जातात तिथे माझ्या बिलावर फोन नंबर चुकीचा छापला जाऊ नये, एवढी अपेक्षा मी ठेवतो.

आता पैशांचं. त्यांचा एक कागद आहे, काम सुरू करण्याआधी हातात देतात. निम्मे पैसे आगाऊ. बदलांच्या तीन फेऱ्या त्यात धरलेल्या, चौथीपासून दर फेरीला 1500. नमुन्याचं डिझाइन फुकट करून दाखवत नाहीत. संध्याकाळी आठनंतर व्हॉट्सअपला उत्तर नाही. निरोप घरातल्या एकाच माणसाने द्यायचा. बाजारात बसणाऱ्या माणसाला असा कागद पाहिला की घासाघीस करावीशी वाटतेच. मी म्हटलं, 32 चे 25 करा. ताई म्हणाल्या, "काका, तुम्ही कमी करता ते पितळेच्या भावात की घडणावळीत?" म्हटलं, भाव बाजाराचा, तो माझ्या हातात नाही, आणि घडणावळ कारागिराची, ती कमी करून कसं चालेल? "मग माझ्याकडे पितळ नाहीच," म्हणाल्या, "सगळी घडणावळच आहे." चिरंजीव हसला. मी चेक फाडला. जीएसटी लावत नाहीत, सेवेच्या धंद्याला 20 लाखांच्या आतल्या उलाढालीवर नोंदणी लागत नाही. ज्यांना इनपुट क्रेडिट, म्हणजे दिलेल्या जीएसटीची वजावट, हवं असतं त्या कंपनीवाल्यांनी हे आधी विचारून घ्यावं.

एकाच माणसाने निरोप द्यायचा, ही अट मला सगळ्यात पटली. आमच्या घरात मी, भाऊ, चिरंजीव, आणि पुण्याहून फोनवर बहीण, सगळ्यांना मत आहे. भावाला गणपती हवा होता, बहिणीला मोर. ताईंनी सगळ्यांचं ऐकलं आणि म्हणाल्या, तुम्ही आपसात भांडून घ्या, मला काकांनी सांगितलेलं चालेल.

त्यांच्या कामाची तऱ्हा नीट समजली ती भिंतीवरच्या दुसऱ्या वस्तू पाहताना. दिंडोरीकडच्या एका बागायतदाराची द्राक्षाची पाच किलोची पेटी होती. वरचं झाकण जवळजवळ कोरं, आणि नाव, मालाची प्रत, आकार हे सगळं बाजूच्या अरुंद पट्टीवर. मी म्हटलं, हे उलटं नाही का झालं? तर म्हणाल्या, कोल्ड स्टोअरेजमध्ये पेट्या एकावर एक रचतात, तिथे झाकण दिसतच नाही, जे दिसतं ते बाजूचं. मिसळीच्या हॉटेलाचं मेनूकार्ड पाहिलं तर एका हातात मावेल एवढं, आणि वरून पुसता येणारं. हात तेलकट असतात. एका घरगुती नागली पापडवाल्या ताईंचं लेबल होतं, त्यात फुलंपानं कमी आणि सक्तीचा मजकूर आधी बसवलेला: एफएसएसएआयचा (खाद्यपदार्थांच्या परवान्याचा) 14 आकडी नंबर, शाकाहाराचा हिरवा ठिपका, वजन, कमाल किंमत, तारखा. आधी चित्र काढलं की हा मजकूर मुंगीच्या पावलांएवढा होऊन कोपऱ्यात जातो, आणि नेमका तोच कायद्याने वाचता यावा लागतो. तिघांची कामं एका हाताची आहेत असं कुणाला सांगूनही पटणार नाही. काही डिझाइनवाल्यांची ओळख त्यांच्या शैलीवरून पटते, लांबून कळतं हे अमक्याचं काम. इथे तसं काही नाही, आणि माझ्या मते दुकानदाराच्या सोयीचं हेच आहे. आमच्या पाटीवर मला आमचं दुकान दिसायला हवं.

काम संपल्यावर एक पेन ड्राइव्ह दिला. त्यातल्या फोल्डरांची नावं अशी: "पाटीवाल्यासाठी", "बिलबुकवाल्यासाठी", "पिशवीवाल्यासाठी", "व्हॉट्सअपसाठी". आत कोरलड्रॉची फाइल, पीडीएफ, चित्र, ज्याला जे लागतं ते. सगळी अक्षरं कर्व्ह केलेली, म्हणजे अक्षरांचं चित्र करून ठेवलेलं, त्यामुळे समोरच्याच्या संगणकात तो फॉन्ट नसला तरी नावाची चौकटी-टिंबं होत नाहीत. आमचं जुनं बिलबुक जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये होतं. त्याची फाइल प्रत्येक वेळी दुसऱ्या प्रेसला पाठवली की मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसायचा आणि सगळं पुन्हा टाइप करावं लागायचं. ते दुखणं गेलं.

सोबत सहीचं एक पत्र दिलं: या नावाक्षराचे सगळे हक्क अमुक दुकानाला, कायमचे, जगभरासाठी दिले. मला वाटलं, पैसे दिले म्हणजे माझंच झालं की. तसं धरून चालू नये, म्हणाल्या. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात हक्क द्यायचे ते लेखीच द्यावे लागतात, आणि लिहिताना मुदत घातली नाही तर 5 वर्षं धरतात, प्रदेश घातला नाही तर फक्त भारत. गावात किती दुकानदारांकडे असा कागद असेल? ट्रेडमार्क करायचा तर भांड्यांसाठी वर्ग 21, आणि आमच्यासारख्या छोट्याला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी 4500 रुपये, हेही त्यांनीच सांगितलं. पण अर्ज स्वतः करत नाहीत, वकिलाकडे पाठवतात.

आता तक्रारी, कारण सगळंच गोड लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल भाची आहे माझी.

पहिली आणि मोठी: वेळ. ठरलं होतं दसऱ्याला, हाती आलं धनत्रयोदशीच्या तोंडावर. आमच्या धंद्यात धनत्रयोदशी म्हणजे काय, हे बाजारातल्या कुणालाही विचारा. पिशव्या वेळेत पोचल्या, पण बिलबुक नाही, आणि वर्षातल्या सगळ्यात मोठ्या विक्रीची बिलं जुन्याच कागदावर, समासात मोड लिहीत फाडली. कारण हे की दिवाळीच्या आधी त्यांच्याकडे मिठाईचे डबे, कंपन्यांची भेटकार्डं असं सगळं एकदम येतं, आणि माणसं दोनच. मला ते समजतं. पण मग तारीख देताना पुढची द्यावी. सणाचं काम असेल तर चार महिने आधी जा आणि तारीख त्या कागदावर लिहून घ्या. पैशांच्या अटी इतक्या काटेकोर लिहिता, तर तारखेचीही एक ओळ त्यात हवी.

दुसरी: मजकूर. चित्र आणि अक्षर ताई बघतात, पण व्हॉट्सअप-इन्स्टाग्रामसाठीचं लिखाण तो मुलगा करतो. हुशार मुलगा आहे, हात चांगला आहे, पण त्याचं मराठी जाहिरातीतून शिकलेलं. आम्हाला नमुना म्हणून पाठवलं, "या दिवाळीत आपल्या घरात आणा परंपरेची चमक आमच्या संगतीने." असं माझ्या दुकानात कुणी बोलत नाही. मी लिहून दिलं, "समया आल्या आहेत. वजनावर मिळतील. नाव टाकून देऊ." तेच गेलं, आणि लोक ते वाचून आले. महिन्याचं पॅकेज देतात, पण ज्याला दोन ओळी स्वतः लिहिता येतात त्याने ते घेऊ नये.

तिसरी बारीक आहे. दुपारी फोन उचलत नाहीत. डिझाइन करताना फोन बाजूला ठेवतात म्हणे. चांगली सवय आहे, पण पाटीवाला शिडीवर उभा असतो आणि विचारतो, नट डावीकडून किती इंचांवर?

आता कुंभमेळ्याचं काम त्यांच्याकडेच दिलंय. 31 ऑक्टोबर 2026 ला ध्वजारोहण, 2 ऑगस्ट 2027 ला पहिलं अमृतस्नान, म्हणजे बाहेरगावचं गिऱ्हाईक त्याआधीपासूनच सुरू होणार. हे लोक हंडा नेत नाहीत, रेल्वेने जायचं असतं. गोदेचं पाणी न्यायला तांब्याची गंगाजळी नेतात, छोटी समई, ताम्हण-पळी नेतात. आणि घरी गेल्यावर फोन करून विचारतात, काळं पडलं, काय करू? म्हणून प्रत्येक भांड्याला दोऱ्याने बांधायची चिठ्ठी. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिंदी: धातू कोणता, वजन किती, घासायचं कशाने, पितळेत आंबट ठेवलं तर कळकतं, स्वयंपाकाला वापरायचं असेल तर आधी कल्हई करून घ्या. चिठ्ठीला वर एक रिकामी रेघ सोडलीय. आबांनी भांड्यावर काय नाव टाकायचं ते गिऱ्हाइकाने तिथे स्वतःच्या हाताने लिहायचं. परगावची आडनावं ऐकून टाकताना आबांचा गोंधळ होतो, त्यावर हा ताईंचा उपाय. या वेळी तारीख कागदावर लिहून घेतली आहे.

पाचपैकी चार. एक तारा धनत्रयोदशीचा कापला.

गाडी मेहेर सिग्नलच्या बाजूला लावून चालत जा, इमारतीखाली जागा नाही. जिना अरुंद आहे आणि दिवसाही दिवा लावावा लागतो. आधी फोन करूनच जा, सकाळी अकराच्या आत उचलतात. जाताना तुमच्या धंद्यातली खरी वस्तू सोबत न्या, फोटो नको. नाहीतर त्या म्हणतील, दुकानावर येऊन बघते, आणि मग स्टूल रिकामं ठेवावं लागेल.